काउंटरच्या आतली बाजू

६ जानेवारी

टिल्लू,

फोनवर तुला एवढंच म्हणाले की ठकीचं लग्न ठरलं आणि आम्ही सगळे बरे आहोत. बाकीचं लिहून कळवते म्हटल्यावर तू "म्हणजे भांडण आहे तर" म्हणून हसलास. हसू नकोस. फोनवर फक्त तब्येत विचारायची आणि भांडायचं ते पत्रात, हा नियम वडिलांनी आपल्या दोघांना उगीच घालून दिलेला नाही. बहीणभावांनी मिळून किती फोन आपटलेत ते त्यांना ठाऊक होतं.

तर ऐक. मुलगा चांगला आहे. पुलांचे आराखडे करतो, कमी बोलतो, आणि ठकी बोलायला लागली की हातातलं खाली ठेवून ऐकतो. त्याच्यात नाव ठेवायला काही सापडू नये म्हणूनच बहुतेक देवाने त्याला ही आई दिली. विहीणबाई जन्मभर मोठमोठ्या कार्यक्रमांची आखणी करत होत्या. आता निवृत्त झाल्यात आणि साठलेला सगळा उत्साह आमच्यावर काढतायत. लग्न मेमध्ये आहे, पण त्याआधी पार्ट्या आहेत. एक दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून. एक ठकीच्या मैत्रिणींची, एक मुलाच्या मित्रांची. एक त्यांच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांची, कारण ते लग्नाला येणारच असले तरी त्यांना "आधी वातावरणात आणायला हवं". प्रत्येक पार्टीला एक रंग. पहिलीचा निळा. माझ्याकडे निळं काही नाही म्हणाले तर म्हणाल्या, "मग मन निळं ठेवा." मी शाळेत गणित शिकवते, टिल्लू. माझ्याच्याने मन निळं ठेवणं होत नाही.

आता मुद्द्याचं. रिसेप्शनला दारू नसणार. सरबतं, फळांचे रस, कॉफी, एवढंच. मुलाकडच्यांना चालत नाही, विहीणबाईंनी अगदी स्पष्ट सांगितलंय. तेव्हा तुझं ते चकचकीत काउंटर, बाटल्यांचे खोके, बर्फाचं मशीन आणि काळे कोट घातलेली तुझी माणसं, यातलं काहीही आणू नकोस. मामा म्हणून ये, बरासा शर्ट घाल आणि पुढच्या रांगेत बस.

वैतागलेली,
ताई

१५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या ताईंनी तुम्हाला फार गोड शब्दांत हाकललंय. मला तर शब्दही गोड वाटले नाहीत.

इतकी वर्षं मी बार चालवतोय आणि परक्यांच्या लग्नांत काउंटर लावतोय. ज्यांची नावं मला दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत अशा नवरदेवांना मी सावरलंय, त्यांच्या काकांना गाडीत बसवलंय, रडणाऱ्या करवल्यांना पाणी पाजलंय. माझ्याकडे कामाला लागणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: काउंटरच्या आत जो उभा आहे तो थेंब घेत नाही, मग समोर कुणीही आग्रह करो. म्हणून तर लोक मला बोलावतात, की बाहेर कितीही गोंधळ झाला तरी आतली माणसं शुद्धीवर असतात. आणि आता माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न आहे, तर मी पुढच्या रांगेत बसून संत्र्याचा रस प्यायचा?

तुमच्या घरात तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. भाऊजी माझ्या बारमध्ये येऊन लिंबू-सोडा पितात. सगळ्या गावात असं एकच गिऱ्हाईक असेल. माझी माणसं त्यांना बघितलं की लिंबू कापायला घेतात. तेव्हा अडचण विहीणबाईंचीच असणार. त्यांच्याशी मी बोलतो. मी भल्याभल्यांना पटवलंय, त्या काय अगदीच ऐकणार नाहीत असं नाही. नंबर तुझ्याकडे मागत नाही, ठकीकडून घेतलाय.

टिल्लू

२१ जानेवारी

टिल्लू,

बोलू नकोस.

तुला काय वाटतं, मी मुद्दाम आडकाठी करते? इथे माझ्या नाकी नऊ आलेत. काल विहीणबाई पडद्यांच्या कापडाचे तुकडे घेऊन शाळेत आल्या. सातवीच्या वर्गात, तास चालू असताना. मुलांना मत विचारलं. मुलांनी हात वर केले. मला पुढचा सगळा तास तो वर्ग आवरता आला नाही.

तू त्यांना फोन केलास तर तो विषय त्या धरून बसतील आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून समजवावं लागेल. ठरलं ते ठरलं. मोठी बहीण म्हणून सांगते, एकदा तरी माझं मुकाट्याने ऐक.

ताई

३० जानेवारी

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच फोन झाला होता.

मी फार जपून सुरुवात केली. म्हटलं, तुमच्या घरच्या रीतीचा मान राखून एक विनंती आहे. त्या म्हणाल्या, कुठली रीत. मी म्हटलं, दारूची. त्या म्हणाल्या, अहो, मी कधीची तुमच्याच फोनची वाट बघतेय, नवऱ्या मुलीचा मामा या धंद्यातला आहे हे कळल्यापासून मला किती हायसं वाटलं, तुम्हाला निळं पेय बनवता येतं का, पण असं निळं की पडद्यांच्या शेजारी ठेवलं तर पडदे फिके वाटू नयेत. मग त्यांनी मला त्या निळ्याबद्दल इतकं सांगितलं की मी खुर्ची ओढून बसलो. शेवटी म्हणाल्या, तुमच्या ताईच का कोण जाणे काउंटरचा विषय काढला की पोळ्या लाटायला जातात.

तेव्हा खोटं कोण बोललं ते उघड आहे. मी आठवडाभर विचार केला की का, आणि मला एकच उत्तर सापडलं. तुला माझी लाज वाटते. पूल बांधणारा जावई, मोठी माणसं, आणि मुलीचा मामा बाटल्या उघडतोय, हे तुला नको आहे. एवढंच होतं तर तसं लिहायचं होतंस. मला राग आला असता पण समजलं असतं. त्या बाईच्या नावावर खपवायची गरज नव्हती.

मी लग्नाला येईन. पाहुण्यासारखा येईन, जेवेन आणि निघेन. शर्ट बरासाच घालीन, काळजी करू नकोस.

टिल्लू

६ फेब्रुवारी

टिल्लू,

गाढव आहेस. लाज वाटत असती तर तुझ्या पहिल्या बारच्या पाटीवरचं अक्षर मी काढून दिलं असतं का?

हे लिहायला बसले तेव्हा दार लावून घेतलंय. सरळ सांगते. हे प्यायचे. पुष्कळ प्यायचे, आणि वर्षानुवर्षं. तुला माहीत नाही कारण मी माहीत होऊ दिलं नाही. तू यायचास तेव्हा यांना ताप असायचा, आठव. छापखान्यात जादा काम असायचं, पाठ धरलेली असायची. यांची पाठ मी इतक्या वेळा धरवली की आपल्या काकूने मालिशचं तेल पाठवलं होतं. तुझ्या बारमध्ये लिंबू-सोडा का घेत असतील ते तूच समज.

ठकीच्या पदवीदान समारंभाला हे पुढच्या रांगेत बसले होते. भलत्याच मुलीचं नाव पुकारलं तेव्हा उभे राहिले आणि सगळ्या सभागृहाने वळून बघेपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. ठकीचं नाव आलं तेव्हा झोपले होते. घरी आल्यावर पोरीने पदवीचा कागद कपाटात ठेवला आणि दुसऱ्या शहरात नोकरी बघितली.

त्यानंतर यांनी सोडली. दीड वर्ष झालं. दर आठवड्याला एका बैठकीला जातात, तिथे सगळे असेच. जाताना काळवंडलेले असतात, येताना भाजी घेऊन येतात. मी आजवर या गोष्टीबद्दल मोठ्याने श्वाससुद्धा घेतला नाही, आणि आता ही बाई मला निळ्या, पिवळ्या, लाल रंगाची दारू घरोघर ओतायला सांगतेय. माणूस उभा राहतोय तोवर त्याच्या चहूबाजूंनी पेले नकोत, एवढंच माझं म्हणणं आहे. ते सांगता येत नाही म्हणून खोटं बोलले. आणखीही बोलेन.

हे पत्र फाडून टाक.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

फाडलं. आधी तीनदा वाचलं.

राग आलाय, आणि भाऊजींचा नाही. घराण्यात दारूबद्दल काही कळणारा माणूस एकच, तो मी. रोज संध्याकाळी ज्यांना हात धरून रिक्षात बसवतो, ज्यांच्या बायकांचे फोन घेतो, त्यांच्याकडून मी हेच शिकलोय. आणि माझ्याच बहिणीने माझ्यापासून लपवलं, पाठदुखी सांगून. मीही तेल पाठवणार होतो, तुला माहीत नाही.

लिंबू कापायचो तेव्हा मी भाऊजींची थट्टा करायचो. "साधू महाराज आले" म्हणायचो, आणि ते हसायचे. आता ते हसणं सारखं डोळ्यांसमोर येतंय.

असो. काउंटर नाही. विषय संपला. विहीणबाईंना मी सांगतो की माझ्याकडे त्या दिवशी दुसरं काम आहे, आणि त्या दुसरं कुणी बघणार नाहीत, याची व्यवस्थाही मी करतो. फक्त ठकीशी तू बोल. लग्न तिचं आहे. तिला न सांगता परस्पर ठरवलंस तर ती तुला माफ करणार नाही, आणि तिचं बरोबर असेल.

टिल्लू

१० मार्च

टिल्लू,

बोलले. नसते बोलले तर बरं झालं असतं असं वाटतंय.

ठकीचं मला वाटलं होतं तसं नाही निघालं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, या घरात सगळं बाबांकडे बघून ठरायचं. कुणाला घरी बोलवायचं, सहलीला जायचं की नाही, रेडिओ किती मोठा लावायचा. आता ते पीत नाहीत तरी तेच चाललंय. माझं लग्न तरी माझ्याकडे बघून ठरव." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. रिसेप्शनला काउंटर हवं, मामाचंच हवं, आणि बाबांना झेपत नसेल तर तो त्यांचा प्रश्न आहे, असं म्हणाली. पोरीचं एक अक्षर खोटं नव्हतं.

मग निळी पार्टी झाली. विहीणबाईंच्या घरी, दिवेलागणीच्या सुमारास. दारातच, चपला काढायच्या आधी, हातात पेला. आत निळे पडदे, निळ्या मेणबत्त्या, आणि निळं ते पेय. मी माझा पेला एका खिडकीत सोडून दिला. यांनीही घेतला. नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील आणि सगळ्यांसमोर सांगावं लागेल, म्हणून घेतला. मग विहीणबाई भाषण करायला उठल्या, आणि मी बघते तर हे नाहीत. बाल्कनीत नाहीत, जिन्यात नाहीत. ठकी माझ्या आधी खाली धावली.

समोरच्या बसथांब्यावर बाकावर बसले होते. पेला हातात, काठोकाठ भरलेला. थेंब सांडला नव्हता. ओतावा तर कुंड्या विहीणबाईंच्या, परत द्यावा तर त्या दुसरा देणार, कुठे ठेवावा ते कळेना म्हणून घेऊन बाहेर पडले, असं मला नंतर म्हणाले. ठकीने त्यांच्या हातातून पेला घेतला, गटारात रिकामा केला आणि वर निघून गेली.

परत येताना गाडीत तिने मला विचारलं, "हा कितवा होता?" मी म्हटलं, पहिला, आणि तोही न प्यायलेला. ती म्हणाली, "तू नेहमी असंच सांगतेस."

आणि खरंच, टिल्लू, मी नेहमी असंच सांगत आले. आता खरं सांगायची वेळ आली तर माझ्या शब्दाला पै किंमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी जाहीर केलं की लग्न लागेपर्यंत थांबतील आणि रिसेप्शन सुरू व्हायच्या आत घरी निघून जातील. मुलीच्या रिसेप्शनला बाप नाही. लोकांना काय सांगू, पाठ धरली? माझं डोकं भणभणतंय. तूच सांग काय करू, नाहीतर काहीच सांगू नकोस.

ताई

१६ मार्च

टिल्लूराव,

हे पत्र तुमच्या ताईला न सांगता लिहितो आहे. तुमची पत्रं ती उशीखाली ठेवते. मी ती वाचली. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, समोर कागद आला की नजर जातेच. क्षमस्व.

तुमच्या बारमध्ये मी लिंबू-सोडा घेत असे, कारण तुमच्यासमोर प्यायची शरम वाटायची. परतताना स्टेशनजवळ कसर भरून काढत असे. तुम्ही थट्टा केली याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या संध्याकाळी माझ्या चांगल्यांपैकी होत्या.

आता विनंती. तुम्ही हिला लिहिलं आहे की काउंटरच्या आत जो उभा असतो तो थेंब घेत नाही, आणि त्याला कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. मला तुमच्या काउंटरच्या आत उभं करा. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. पाहुणा म्हणून हॉलमध्ये फिरलो तर पावलोपावली कुणीतरी पेला पुढे करणार, आणि मी मुलीचा बाप, मला सोडणार नाहीत. आतल्या माणसाला कुणी विचारत नाही, तू का घेत नाहीस म्हणून. मला बाटल्यांची भीती वाटत नाही. आग्रहाची वाटते.

मला तिच्या रिसेप्शनला हजर राहायचं आहे. पुढच्या रांगेत बसून एकदा पाहिलं. या वेळी उभं राहून बघावं म्हणतो.

आपला,
भाऊजी

२४ मार्च

ताई,

भाऊजींचं पत्र सोबत पाठवतोय. त्यांनी तुला न सांगता लिहिलं, मी त्यांना न सांगता तुला दाखवतोय. तुमच्या घरात आता कुणाचं काही कुणापासून झाकलेलं नको. आणि उशीखाली पत्रं ठेवणं बंद कर.

मी आधी त्यांना साफ नाही म्हटलं. दारू सोडलेल्या माणसाला काउंटरच्या आत उभं करायचं, हा विचार ज्याच्या डोक्यात आला त्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं मी फोनवर ओरडलो. हो, फोनवर. नियम मोडला. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मग मी घरी जातो." इतक्या साधेपणाने म्हणाले की मला ओरडता येईना.

मग मी ते ज्या बैठकीला जातात तिथे जाऊन आलो. तिथल्या माणसांनी आधी मला फैलावर घेतलं, मग भाऊजींबद्दल बोलले. म्हणाले, कल्पना वाईट आहे, पण तो हट्टाला पेटलाय आणि घरी एकटा बसणं याहून वाईट. म्हणून ठरलं ते असं. भाऊजी रसाच्या आणि बर्फाच्या टोकाला राहतील, बाटल्यांच्या नाही. पेले पुसतील, पाणी भरतील. त्यांच्या शेजारी त्या बैठकीतलाच एक माणूस उभा राहील, दातांचा डॉक्टर आहे, त्याने आठ वर्षांपूर्वी सोडली. तो बर्फ फोडेल. दोघांपैकी कुणालाही वाटलं की पुरे, तर मागच्या दाराने बाहेर, माझी गाडी तिथेच उभी असेल आणि कुणी काही विचारणार नाही.

विहीणबाईंना सांगणं भाग होतं. मला वाटलं, आता या हॉल डोक्यावर घेतील. त्यांनी पडद्यांचं चाललेलं बोलणं मध्येच तोडलं, हे त्यांच्याबाबतीत मी पहिल्यांदाच अनुभवलं. मग म्हणाल्या, "माझ्या भावाने नाही सोडली. त्यांना उभं राहू दे." आणि लगेच विचारलं, की त्यांचा एप्रन पडद्यांच्या कापडाचा शिवला तर चालेल का. मी हात टेकले.

ठकीला तू सांग. हे तरी आडवळणाने सांगू नकोस.

टिल्लू

१९ मे

टिल्लू,

तू सामान भरून निघून गेलास आणि शेवटचं तुला दिसलंच नाही, म्हणून लिहायला बसले. घर अजून आवरायचंय. विहीणबाईंनी उरलेली फुलं सगळी इकडे पाठवलीत, न्हाणीघरातसुद्धा बादल्या भरून फुलं आहेत आणि आंघोळ करायची सोय नाही.

तुझं बर्फाचं मशीन गळालं, हे तू मान्य करणार नाहीस, पण ते गळालं. सगळ्या हॉलभर पाणी, आणि मुलाकडच्या त्या जाड्या आत्या घसरल्या. तू म्हणालास कुणाचं सांडलं असेल. एवढं कुणाचं सांडतं?

यांच्याबद्दल काय लिहू. पडद्याच्या कापडाचा एप्रन घालून उभे होते. प्रत्येक पेला दिव्यासमोर धरून बघायचे आणि अर्धे परत धुवायला पाठवायचे. तुझ्या माणसांनी माझ्याकडे येऊन तक्रार केली. एका पाहुण्याने त्यांना "ए, बर्फ" अशी हाक मारली. नवऱ्या मुलीच्या बापाला. मी उठणार तेवढ्यात यांनी बर्फ घातला आणि "घ्या" म्हणाले, आणि दातांचा डॉक्टर तोंड फिरवून हसत होता. खरंच कुणी यांना घ्या म्हणालं नाही. सगळे यांच्याकडून घेत होते.

पण ठकी तिथे आली नाही. हॉलभर फिरली, सगळ्या टेबलांपाशी थांबली, काउंटर सोडून. तहान लागली तेव्हा जावयाला पाठवलं. हे तिच्यासाठी दर वेळी पेला निराळा पुसून देत होते आणि जावई तो दोन्ही हातांनी नेत होता. मला तिचा इतका राग आला की मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं.

मग ठकीला घेऊन गाडी निघायची वेळ झाली. तू मागच्या दाराशी खोके चढवत होतास. यांनी उष्ट्या पेल्यांचं मोठं ताट उचललं, निम्मे पेले अजून भरलेले, आणि मुलाचा एक मित्र उलटा नाचत येऊन यांच्यावर आदळला. सगळं ताट यांच्या अंगावर. वाइन, व्हिस्की, ते निळं, सगळं. केसांतून खाली. नवा कोरा सदरा चिंब. एप्रनाने पुसलं तर आणखी पसरलं. गाडीजवळ आले ते घमघमत आले, लोक नाकं मुरडून बाजूला झाले. ठकी सगळ्यांना भेटत होती आणि हे गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, म्हणजे आपण दिसू नये.

टिल्लू, एक गोष्ट मी तुला पत्रात कधी लिहिली नाही, कारण लिहायला धीर होत नव्हता. ठकी लहान असल्यापासून यांना भेटताना आधी मान किंचित पुढे करायची आणि थांबायची. वास घ्यायची. मग ठरवायची की जवळ जायचं का नाही. पाच वर्षांची असल्यापासून. मोठी झाली तरी तेच. दीड वर्ष हे एक थेंब प्यायले नाहीत आणि दीड वर्ष ती दर भेटीला मान पुढे करून थांबत होती. हे उभे राहायचे, तपासून घेऊ द्यायचे. कधी एका शब्दाने तक्रार केली नाही.

ती गाडीला वळसा घालून त्यांच्यासमोर गेली. हे मागे सरले. म्हणाले, "ठके, अंगावर सांडलीय. लांबच राहा, फार वास येतोय."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि थेट जाऊन गळ्यात पडली. थांबली नाही. त्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून उभी राहिली, तिचे नवे कपडे निळे-लाल झाले, विहीणबाई मागून "डाग, डाग" म्हणत राहिल्या आणि जावई त्यांना हाताला धरून बाजूला घेऊन गेला.

गाडी गेल्यावर हे तिथेच उभे. मग म्हणाले, "तिने काही विचारलं नाही गं."

मी म्हटलं, "नाही विचारलं. आता घरी चला, काय वास मारताय." आणि मग हॉलच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो आणि लोकांदेखत ढसाढसा रडलो. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. मी त्यांना कसलंच कारण सांगितलं नाही.

ताई